अंगठा, पापणी आणि पिन

स्मार्ट सिटीच्या यादीत यवतमाळ कधीच नव्हतं. जून २०१५ मध्ये केंद्राने शंभर शहरांची ती योजना आणली, तेव्हा आमच्या विभागातून अमरावतीचं नाव पुढे गेलं होतं. शेवटच्या निवडीत तेही टिकलं नाही. राज्यातली आठ शहरं लागली, त्यांत विदर्भातून एकटं नागपूर. मार्च २०२५ ला योजना संपलीसुद्धा. आमच्याकडे ना कंट्रोल रूम आली, ना सेन्सरचे दिवे. पण शहराला वगळून स्मार्टपणा तेवढा पुरेपूर आला. रेशनला थंब, बँकेला केवायसी, पीकविम्याला ओटीपी, दाखल्याला पोर्टल, निराधारच्या पैशाला आधार. शहरात एक खिडकी अडली तर माणूस दुसरी शोधतो. आमच्याकडे खिडकी एकच असते, आणि पुष्कळदा ती माझ्या टेबलावर असते.

माझं सेवा केंद्र यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात, शकुंतला रेल्वेच्या बंद पडलेल्या स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला. दोन कॉम्प्युटर, प्रिंटर, झेरॉक्स, लॅमिनेशन आणि थंब मशीन. मला लहानपणी पोलिओ झाला. पल्स पोलिओची मोहीम १९९५ ला सुरू झाली, मी त्याच्या आधीचा. उजव्या पायात कॅलिपर, काखेत कुबडी. त्यामुळे दुकान मांडताना काही गोष्टी मला कोणी शिकवाव्या लागल्या नाहीत. काउंटर बसलेल्या माणसाच्या उंचीचा केला आणि दाराला उतार द्यायचं ठरवलं. उताराचं गणित एकास बारा असतं. माझा ओटा रस्त्यापासून दीड फूट. म्हणजे अठरा फूट लांब उतार, म्हणजे नाली ओलांडून अर्धा रस्ता. शेवटी वेल्डरकडून लोखंडी पत्र्याचा घडीचा उतार करून घेतला. नियमापेक्षा तो बराच उभा आहे. चाकाची खुर्ची आली की मागून कोणाला तरी धरावं लागतं. सकाळी पाडायचा, रात्री उचलून ठेवायचा. शेजारचा किराणावाला तांदळाचे कट्टे आता त्याच्यावरूनच चढवतो.

उताराचं लोक कौतुक करतात. पण आत आलेला माणूस अडतो तो मशीनपाशी.

थंब मशीनची काच बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी, खाली लाल उजेड. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत आमच्या भागातल्या बायांची बोटं त्या उजेडाला ओळखू येत नाहीत. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी पेरं चिरलेली असतात, रेषा झिजलेल्या असतात. त्यावर आमचे घरगुती उपाय आहेत. बोट केसांतून फिरवायचं म्हणजे तेल लागतं. नाहीतर कपाळावर घासायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, अंगठा सोडून मधलं बोट लावून बघायचं. यातलं काहीतरी चालतं. झिजलेली बोटं सीझन संपला की परत येतात. ज्यांची येणारच नाहीत, त्यांचं काय?

नेर तालुक्यातले एक आजोबा यायचे. कुष्ठरोग होऊन गेलेला, औषधोपचार पूर्ण करून बरे झालेले; पण हाताची बोटं आखडून गेलेली, काही पेरं उरलेलीच नव्हती. आमच्या जिल्ह्याला हा आजार परका नाही. वणीकडून वर्धा नदी ओलांडली की वरोऱ्याचं आनंदवन लागतं, पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडची माणसं तिथे गेलेली आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत, त्यांत ‘बरा झालेला कुष्ठरुग्ण’ हाही आहे. आजोबांकडे आधार कार्ड होतं. बोटं नसली तर बुबुळांवर नोंदणी होते, बुबुळं नसली तर बोटांवर, दोन्ही नसली तर फोटो आणि माहितीवर. डिसेंबर २०२३ मध्ये केरळातल्या एका बोटं नसलेल्या बाईंना आधार मिळत नसल्याचं प्रकरण केंद्रीय मंत्र्यांपर्यंत गेलं, तेव्हा देशभरच्या केंद्रांना हेच पुन्हा बजावलं गेलं होतं.

म्हणजे आधार देताना यंत्रणेने दोन-तीन वाटा ठेवल्या. पण ते आधार रोज जिथे दाखवायचं, त्या काउंटरवर वाट एकच, बोटाची. बुबुळ वाचणारं मशीन महाग, म्हणून माझ्याकडे नाही, बहुतेक केंद्रांत नाही. कार्ड डोळ्यांवर काढलेलं आणि तपासणार बोटावर. आजोबांचं रेशनचं ई-केवायसी त्यामुळे अडलं. ते मला म्हणाले, “बोटं नाई राह्यली तं मी मेलो काय, भाऊ?” घरी नॉमिनी दाखवायला कोणी नव्हतं. बायको गेलेली, पोरगी सासरी तेलंगणात.

पुढे मोबाइलवर चेहऱ्याने केवायसी करायचं सरकारी ॲप आलं. मी खूश झालो. आजोबांना खुर्चीवर बसवलं, खिडकीचा उजेड तोंडावर येईल असं फिरवलं, मोबाइल समोर धरला. गोल चौकटीत चेहरा आला. मग ॲपने सांगितलं: पापण्या मिटा. आजोबांनी जोर लावला. गाल हलला, कपाळाला आठ्या पडल्या, पण पापणी खाली आली नाही. परत तेच. “मिटत नाईत बा माहे डोळे,” ते म्हणाले. “झोपतो बी उघड्या डोळ्यानं.”

कुष्ठरोगात कधीकधी चेहऱ्याची नस निकामी होते आणि पापणी मिटेनाशी होते. डॉक्टरांना हे जुनं ठाऊक आहे; अशा रुग्णांना डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून चष्मा वापरायला सांगतात. एकाच आजाराने या माणसाचा अंगठाही नेला होता आणि पापणीही. बोटाला पर्याय म्हणून ज्याने पापणी ठेवली, त्याच्या समोर असा माणूस बसलेला नव्हता, एवढंच. त्यात दुष्टपणा नाही. समोर फोटो धरून कोणी फसवू नये म्हणून जिवंतपणाची खूण मागतात, ते मला कळतं. पण जिवंत असल्याची खूण पापणीतच असते, हे कोणी ठरवलं? त्यांचं काम शेवटी रेशन दुकानात बुबुळ वाचणारं नवं यंत्र आलं तेव्हा झालं. एका डोळ्यावर फूल पडलं होतं; दुसऱ्याने झालं.

हीच पापणी पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँकेच्या केवायसीत पापणी मिटता आली नाही म्हणून खातं नाकारलं गेलं होतं. मुंबईचे दृष्टिहीन वकील अमर जैन यांचीही त्याच विषयावरची याचिका होती. ३० एप्रिल २०२५ ला न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांनी निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगून त्यांनी वीस निर्देश दिले. पापणी मिटण्याशिवाय दुसरे मार्ग ठेवा, अंगठ्याचा ठसा स्वीकारा, कागदावरचं केवायसी बंद करू नका. निकालाची ती पानं मी प्रिंट काढून काउंटरच्या मागे लावली आहेत. शोभेला नव्हे. कोणाचं काम अडलं की त्याच पानांची झेरॉक्स काढून त्याच्या हाती देतो. बँकेत ती दाखवली की समोरचा कर्मचारी ‘सिस्टीम घेत नाही’ हे वाक्य जरा हळू म्हणतो. एका शाखेत तर साहेबांनी सगळं वाचलं, मागचा फॉर्म काढला आणि कागदावर खातं उघडून दिलं. आधीही ते जमत होतं, फक्त कोणी काढत नव्हतं.

आता पिनबद्दल. हे लिहायला जरा अवघड आहे, कारण माझ्या धंद्याचाच तो भाग आहे.

आमच्याकडे मशीन वापरता न येणारा माणूस दुसऱ्याकडून वापरून घेतो. त्यात कोणाला वावगं वाटत नाही. दृष्टिहीन माणूस एटीएमच्या दारात उभा राहतो, आत येणाऱ्याला कार्ड देतो आणि पिन सांगतो. थरथरत्या हातांची बाई माझ्याकडे मोबाइल सरकवते आणि म्हणते, “तूच टाक बाबू, जन्मसालच आहे.” पासबुकाच्या मागच्या पानावर पेनाने पिन लिहिलेला असतो, म्हणजे कोणालाही विचारायची गरज नाही. दिव्यांगांच्या सोयीबद्दल सभांमधून भाषणं होतात, त्यांत ‘मदत’ हा शब्द फार येतो. माझ्या टेबलावरून बघितलं तर मदत म्हणजे बहुतेक वेळा किल्ली दुसऱ्याच्या हाती देणं. मी प्रामाणिक आहे म्हणून चालतं. उद्या या खुर्चीवर दुसरा कोणी बसला तर? माझ्यापुरतं मी एकच माप धरलं आहे: पिन कोणाला न सांगता काम झालं तर ती सोय, सांगावा लागला तर ती अजून झालेली नाही. उतार, लिफ्ट, ब्रेल सगळं याच मापाने मोजतो.

हे माप मला दिलं ते एका पोराने. जन्मापासून दृष्टिहीन, अमरावतीला शिकलेला, आता बसस्टँडजवळ चहा-बिस्किटांची टपरी चालवतो. क्यूआर कोड आले तेव्हा त्याची गंमतच झाली. गिऱ्हाईक पैसे पाठवून मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरायचं आणि म्हणायचं, “झालं पाहा, भाऊ.” पाहा! मग त्याने साउंडबॉक्स घेतला. खरं तर तो डबा डोळस दुकानदारांसाठी निघाला, गर्दीत मोबाइल उघडून बघायला नको म्हणून. दृष्टिहीनांचा विचार करून तो कोणी बनवला असेल असं मला वाटत नाही. तरी आमच्या तालुक्यात दिव्यांगांना सगळ्यांत कामी आलेली स्मार्ट वस्तू कोणती म्हणाल तर मी त्या डब्याकडे बोट दाखवीन. पैसे आले की तो बोलतो, रक्कम सांगतो, आणि कोणाच्या भरवशावर राहावं लागत नाही. नोटांचं त्याला अजूनही जड जातं. २०१६ नंतरच्या नोटा आकाराने एकमेकींच्या फार जवळ आहेत, उठावाच्या खुणा लवकर झिजतात. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० ला ‘मनी’ नावाचं ॲप काढलं, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किंमत सांगणारं. तो म्हणतो, चहा उकळत असताना एका हातात गाळणी आणि एका हातात मोबाइल कोण धरेल?

मोबाइलवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय, सुरू करणं मी त्याच्याकडूनच शिकलो. बोट फिरवायचं, खालचं नाव ऐकायचं, दोनदा टिचकी मारायची. वेग इतका लावतो की मला एक शब्द कळत नाही. तो सगळं ॲप असं ऐकत ऐकत चालवतो, पण मध्येच एखादं पान येतं जिथे ऐकू येतं नुसतं ‘बटन, बटन, बटन’. बनवणाऱ्याने त्या बटनांना नावंच दिलेली नसतात. चित्र काढलं, नाव लिहायचं राहिलं. एवढ्यासाठी पैसे पाठवताना पोराला शेवटच्या पायरीवर कोणाला तरी हाक मारावी लागते.

एकदा त्याच्याबरोबर यवतमाळला एटीएमवर गेलो. १ जुलै २०१४ पासून बसवल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या एटीएमना आवाज आणि ब्रेलची बटनं हवीत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. त्या मशीनला दोन्ही होतं. त्याने खिशातून वायरचा इअरफोन काढला. हल्ली तो मिळवणंही कठीण, सगळे बिनवायरचे. मशीनवरचं भोक हाताने चाचपून सापडलं, पण आत धुळीचं बूच बसलेलं. टाचणीने कोरलं तेव्हा इअरफोनची पिन आत गेली आणि आवाज आला, तोही इंग्रजीत. मागे रांगेतल्या एकाने चुकचुक केली. पोराने चार आकडे दाबले, पैसे घेतले, मोजले आणि बाहेर आला. मी म्हटलं, पिन मी ऐकला नाही. तो म्हणाला, “मले माहीत आहे. तुमी पाहून नव्हते राह्यले.” मशीनमध्ये सोय असणं आणि ती सोय चालू असणं यांत धुळीएवढंच अंतर असतं, ती काढायची जबाबदारी मात्र कोणाच्याही कामाच्या यादीत नसते.

कॉम्प्युटरवर तो एनव्हीडीए वापरतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली सुरू केलेलं आणि जेम्स टेह या दुसऱ्या दृष्टिहीन तरुणाबरोबर वाढवलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि पडद्यावरचं मराठी वाचून दाखवतं. माझ्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर ते टाकलं तेव्हा आपल्या सरकारी मराठीची खरी अवस्था कळली. भरतीची यादी एका कार्यालयाने वर्डच्या फाइलमध्ये पाठवली होती. मला स्वच्छ मराठी दिसत होतं. एनव्हीडीए मात्र काहीतरी इंग्रजी बडबडत होतं. फाइल कृतिदेवमध्ये टाइप केलेली! कृतिदेव म्हणजे मराठीचा मुखवटा घातलेली इंग्रजी अक्षरं. ‘यवतमाळ’ लिहिलेलं एकेक अक्षर करून ऐकलं तर ‘सेमीकोलन, ओ, आर, ई, के, जी’. आपल्या जिल्ह्याचं नाव असं ऐकून तो पोरगा पोट धरून हसला. मी फॉन्ट बदलून युनिकोड करून दिलं. पण बहुतेक नोटिसा तर त्याहून वाईट, कागद स्कॅन करून चढवलेला असतो, म्हणजे एनव्हीडीएच्या दृष्टीने कोरं पान. यात पैसा लागत नाही, मंजुरी लागत नाही, टेंडर लागत नाही. टाइप करणाऱ्या बाबूने युनिकोडमध्ये टाइप करून तीच फाइल चढवावी, बस. डिजिटल सेवा सगळ्यांना वापरता याव्यात यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १७८०२ हे मानकसुद्धा आहे. आमच्या भागात त्याचं नाव घेतलं तर लोकांना वाटतं मी सिमेंटच्या ग्रेडबद्दल बोलतो.

कर्णबधिरांचं दुःख वेगळं, आणि त्याला दाद आणखी कमी. दिग्रसकडची एक मुलगी, बारावी झालेली, लिहून सगळं सांगते. तिचं खातं गोठलं. मोबाइलवरून तक्रार केली तर समोरून उत्तर: पडताळणीसाठी आम्ही फोन करू. फोन आला, आईने उचलला, तर म्हणे खातेदाराशीच बोलायचं आहे. आई सांगते, तिला ऐकू येत नाही, तरी म्हणे तिलाच द्या. तीन वेळा हेच. मेसेजवर तेच प्रश्न विचारले असते तर मिनिटभरात उत्तरं मिळाली असती. शेवटी ती शाखेत जाऊन कागदावर लिहूनच बोलली.

नागपूरला गेलो की मी अधूनमधून मेट्रोने जातो. मार्च २०१९ ला ती सुरू झाली. लिफ्ट आहे, रुंद गेट आहे, फरशीवर उठावाच्या पिवळ्या पट्ट्या आहेत, पुढचं स्टेशन ऐकूही येतं आणि पाटीवर वाचताही येतं. बघून बरं वाटतं. स्टेशनातून खाली उतरलो की फुटपाथवर उभ्या दुचाक्या, आणि त्या ओलांडायला मी कुबडीसकट रस्त्यावर. कोट्यवधींचं स्टेशन शंभर पावलं बाहेर चालत नाही. आमचं दारव्हा तिकडचं काही शिकणार असेल तर स्टेशन नको, आधी ती शंभर पावलं शिकावं.

कायदा कमी नाही. २०१६ च्या कायद्याने इमारती, वाहतूक, माहिती सगळं खुलं करायची मुदत घातली होती. ती पाळली गेली नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सांगितलं की नियमांना नुसत्या शिफारशी करून ठेवणं कायद्यात बसत नाही, बंधनकारक नियम करा. राज्याने ३ डिसेंबर २०२२ ला दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागही केला. ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आमच्याकडे ते पुष्कळदा वर्षाअखेरीस साहित्यवाटप करून संपवतात; व्हीलचेअरवर नाव टाकायचं, फोटो काढायचा. व्हीलचेअर मिळते, पण पंचायतीच्या ऑफिसला तीन पायऱ्या तशाच. त्या पाच टक्क्यांतून एक बुबुळ वाचणारं मशीन घ्या, असं मी ग्रामसेवकांना सांगत असतो. एकाने घेतलं. एकच. पण गावच्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी ते इतकं वापरलं की आता शेजारच्या गावचे लोक तिथे जातात, आणि ग्रामसेवक माझ्यावर चिडलेत की गर्दी वाढवून ठेवली.

गेल्या हंगामात, फॉर्मांची झुंबड होती तेव्हा, चहावाल्या पोराला मी दुपारी दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसवायला लागलो. टपरी त्याची आई बघते. लोक आधी घाबरले. हा पाहू शकत नाही तर फॉर्म काय भरेल? पण तो कानात एनव्हीडीए लावून नाव, वडिलांचं नाव, गट नंबर विचारतो आणि माझ्याहून लवकर भरतो. शिवाय नाव कसं लिहायचं हे तो माणसालाच विचारतो, मी अंदाजाने टाकतो. अडतं फक्त एका ठिकाणी. शेवटी वेडीवाकडी अक्षरं दाखवणारा कॅप्चा येतो, आणि बोलणाऱ्या पर्यायाची सोय त्या पोर्टलवर नाही. मग तो ओरडतो, “भाऊ, कॅप्चा!” मी कुबडी घेऊन उठतो, चार अक्षरं टाकतो, परत येतो. एका दुपारी हे बऱ्याचदा होतं, पाय दुखायला लागतो. पुढच्या हंगामात दोन्ही कॉम्प्युटर एकाच टेबलावर आणायचं आमचं ठरलं आहे. फीचे पैसे आम्ही निम्मे-निम्मे करतो. तो म्हणतो, कॅप्चाचे वेगळे कापून घ्या पाहिजे तर.